कोंप्रो इल पाने

कर्जत
१२ जानेवारी २०२५

बद्रुद्दीनचाचा,

नमस्कार. पनवेलच्या दवाखान्यातली ललिता सिस्टर आठवते का? घशाच्या ऑपरेशननंतर बावीस दिवस तुमच्या मानेचं ड्रेसिंग मीच करायचे. आवाज गेल्यामुळे तुम्ही पाटीवर लिहायचात, आणि पाणी हवं असलं की 'पोर्ता लाक्वा' लिहून मला गोंधळात पाडायचात. मग बिलकिसचाचींनी सांगितलं, की ही इटालियन आहे, माणूस अठ्ठावीस वर्षं इटालियन जहाजांवर भंडारी होता, आणि डोकं अजून तिथल्याच भटारखान्यात आहे.

त्या इटालियनची मला आता गरज पडली आहे.

मी सध्या कर्जतला एका छोट्या दवाखान्यात काम करते. इटलीत म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमांसाठी नर्स हव्या आहेत आणि एक एजन्सी आपल्याकडून अकरा जणी निवडणार आहे. माझी कागदपत्रं झाली, नर्सिंगची चाचणीही पास झाले. राहिली भाषा. आठ मार्चला तोंडी परीक्षा आहे, तिकडची एक बाई व्हिडिओवर बोलणार. त्यात नापास झाले तर जूनमध्ये एक शेवटची संधी, आणि मग यादी बंद.

ऑनलाइन क्लास लावला आहे. शिकवणारी सगळं इंग्रजीतून सांगते. पहिल्या दिवशीच फर्स्ट पर्सन, सेकंड पर्सन सुरू झालं. मी आमच्या वाडीतून आश्रमशाळेत शिकलेली. विचारलं, हा पर्सन म्हणजे कोण, तर सगळ्या हसल्या. एक म्हणाली, तुला नाही जमणार. मला कुणी जमणार नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. आता जमवणारच.

मला एकच वाक्य शिकवा. रोजचं, साधं. पण त्याचा सांधा न सांधा सुटा करून दाखवा.

फोन तुम्हाला चालायचा नाही म्हणून पत्र लिहिते आहे. आमच्या कँटीनला पाव देणारा ओवेस तुमचाच पुतण्या निघाला. तो रोज सकाळी लोधिवलीहून टेंपो घेऊन येतो. पावाच्या ट्रेवर पत्र ठेवायला तो तयार आहे.

आपली,
ललिता

•

लोधिवली
१५ जानेवारी २०२५

ललिता पोरी,

आठवत नाहीस कशी? चिकटपट्टी काढताना 'दुखणार नाही' म्हणून खोटं बोलणारी तूच. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही, तरी शिकवतो.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. मोबाइलवर माझी बोटं एका वेळी तीन अक्षरं दाबतात. आणि इटालियन लिपी मला येत नाही, मी कानांनी शिकलो. बाळबोधीतच लिहीन. आपली लिपी त्यासाठी फार चांगली आहे. लिहिलं तसं वाच, म्हणजे बरोबर येईल. जोडाक्षर दिसलं तिथे जीभ दाबायची, अंग चोरायचं नाही.

हे तुझं वाक्य: कोंप्रो इल पाने. मी पाव विकत घेतो.

पहिला शब्द कोंप्रो. यात 'मी' कुठे आहे ते शोध. शेवटच्या ओ मध्ये बसला आहे. शेपूट बदललं की माणूस बदलतो. कोंप्रो, मी घेतो. कोंप्री, तू घेतोस. कोंप्रा, तो किंवा ती घेते. तुझ्या क्लासातला पर्सन तो हाच. आपणही 'घेतो, घेतोस' म्हणतोच की, मग हसायला काय झालं त्या बायांना? फरक एवढाच, की आपण 'घेते' म्हटलं तर बाई आणि 'घेतो' म्हटलं तर बुवा. त्यांच्या 'कोंप्रो'ला त्याची फिकीर नाही. मी म्हटलं तरी कोंप्रो आणि तू म्हटलंस तरी कोंप्रो.

आता इल. पाव त्यांच्याकडे पुरुष आहे, म्हणून त्याच्यापुढे इल. बाई असेल तिथे ला. आपल्याकडे तो, ती, ते. त्यांच्याकडे 'ते' नाहीच. त्यामुळे दूध, पाणी, घर यांना कुठल्या तरी एका बाजूला जावं लागतं. दूध पुरुष झालं. पाणी आणि घर बाया झाल्या.

आठ दिवस एवढंच घोकायचं. पाव काढून दुसरं काहीही घाल, पण सांगाडा मोडू नकोस.

आणि एक जहाजावरचा कायदा सांगतो, तो काटेकोर पाळायचा. समोरचा जे बोलेल ते आधी अख्खंच्या अख्खं मोठ्याने परत म्हणायचं. मग हात हलवायचे. चीफ कुक म्हणाला, पोर्ता लाक्वा, पाणी आण, की आम्ही ओरडायचो, पोर्ता लाक्वा. म्हणजे त्याला कळतं की आपण नीट ऐकलं. या एका कायद्यावर मी अठ्ठावीस वर्षं काढली आणि एकदाही घरी पाठवला गेलो नाही.

बद्रुद्दीन

•

कर्जत
४ फेब्रुवारी २०२५

चाचा,

आता मी सगळं विकत घेते. कोंप्रो इल लात्ते, दूध घेतलं. कोंप्रो ला कासा, घरसुद्धा घेतलं. सुट्टीत वाडीवर गेले होते. भात कांडताना तोंडाने चालूच होतं. आई, धोंडी तिचं नाव, हातातलं सूप खाली ठेवून बघू लागली. मग म्हणाली, "काय गं, पाव पाव काय करतेस? घरात पाव नाय, भाकरी हाय ती खा." मी तिला शेपटाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आमी पन तेच करतो, त्यात शिकायचं काय?" एका वाक्यात क्लासच्या बाईंपेक्षा जास्त सांगितलं तिने.

तुमचे नवे धडे रोज येत आहेत. ओवेसभाई म्हणतात, पावापेक्षा कागदच जास्त व्हायला लागले. 'ओ फ्रेद्दो' मला फार आवडलं. आपल्याला थंडी वाजते, त्यांच्याकडे थंडी असते. माझ्याकडे थंडी आहे, माझ्याकडे भूक आहे. ओ म्हणजे माझ्याकडे आहे, आय म्हणजे तुझ्याकडे, आ म्हणजे त्याच्या-तिच्याकडे. क्लासमध्ये हे मी सगळ्यांआधी सांगितलं. त्या हसणारीने ते वहीत उतरवून घेतलं.

तुमचा कायदाही पाळते आहे. क्लासच्या बाई बोलल्या की आधी परत म्हणते. त्या म्हणाल्या, उच्चार छान आहेत. कुठे शिकलीस? मी म्हटलं, जहाजावर.

ललिता

•

कर्जत
११ मार्च २०२५

चाचा,

परीक्षा झाली. मी नापास. प्रश्न कठीण होते. तुमची काही चूक नाही. जूनला पुन्हा बसणार आहे.

चाचींना सलाम सांगा.

ललिता

•

लोधिवली
१३ मार्च २०२५

ललिता,

रोजा आहे म्हणून रागावत नाही. 'तुमची काही चूक नाही' असं कुणी न विचारता लिहिलं, की समजायचं चूक आपलीच आहे. चिकटपट्टीच्या वेळीही तू असंच बोलायचीस.

त्या बाईने काय विचारलं आणि तू काय म्हणालीस, शब्दाला शब्द लिहून पाठव. गाळशील तर मला कळेल.

बद्रुद्दीन

•

कर्जत
१६ मार्च २०२५

चाचा,

तुम्ही हट्टच धरलात म्हणून लिहिते.

बाई म्हणाल्या, मी आश्रमातली म्हातारी आहे असं समज. मग थरथरत बोलल्या, ओ फ्रेद्दो, ला फिनेस्त्रा ए आपेर्ता. मला थंडी वाजते, खिडकी उघडी आहे. चाचा, मला सगळं कळलं होतं. शब्द न शब्द. आणि मी मोठ्याने म्हणाले, ओ फ्रेद्दो, ला फिनेस्त्रा ए आपेर्ता.

त्या म्हणाल्या, तुलाही थंडी वाजते का? मी तेही परत म्हणाले.

त्यांनी विचारलं, तू काय करशील? मी म्हणाले, तू काय करशील? हात हलवायचे ते कुठे हलवू, खिडकी त्यांच्या बाजूला आणि मी कर्जतला. मी घाबरले, आणि घाबरले की मी जे पाठ आहे तेच करते. पाचही प्रश्न मी नुसते परत म्हटले. शेवटी त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. एजन्सीने तो शेरा पाठवला आहे: उच्चार उत्तम. ऐकते, पण समजत नाही.

समजत नाही हे लागलं मला. बाकी काही नाही.

ललिता

•

लोधिवली
१७ मार्च २०२५

पोरी,

पत्र तीनदा वाचलं. बिलकिसलाही दिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून ती ओवेसच्या बायकोकडून वाचून घेऊन आली.

तुला मी नापास केलं. हे मी लिहून देतो.

आज दिवसभर एकच काम केलं. अठ्ठावीस वर्षांत मी इटालियनमध्ये स्वतःहून काय बोललो ते आठवत बसलो. पाणी आण म्हटलं, पाणी आण म्हणालो. भांडी घास म्हटलं, भांडी घास म्हणालो. मला थंडी वाजते का, माझ्याकडे भूक आहे का, असं तिथे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. मला फक्त हुकूम ऐकणाऱ्याची भाषा येते. तीच तुझ्या गळ्यात बांधली, आणि वर रुबाब केला की एकदाही घरी पाठवला गेलो नाही. लाज वाटते.

पण सांगाडा खरा आहे. शेपटं खरी आहेत. ती बदलायची असतात, पण तू आणि मी ती कधी बदलली नाहीत. म्हातारी 'ओ' म्हणाली तर तुझ्या तोंडून 'आ' निघायला पाहिजे. मोठ्या माणसाला मान द्यायला ते 'तू'चं 'आय' नाही, 'ती'चं 'आ' लावतात. आ फ्रेद्दो, सिन्योरा? तुम्हाला थंडी वाजते का? आणि मग पुढचा प्रश्न तू विचारायचा. हे मला जमत नाही, पण कसं व्हायला पाहिजे ते आता कळलं आहे.

जुना कायदा रद्द. नवा कायदा: परत म्हणायचं नाही, विचारायचं.

ईद झाली की पहिल्या रविवारी इकडे ये. कर्जत-चौक रस्त्याने रिक्षा मिळते. समोर माणूस बसवल्याशिवाय हे व्हायचं नाही. म्हातारीचं काम बिलकिस करेल. तिला ते शिकवायची गरज नाही.

बद्रुद्दीन

•

कर्जत
८ एप्रिल २०२५

चाचा,

रविवारचं जेवण अजून पोटात आहे. बिलकिसचाचींसारखी म्हातारी इटलीत असेल तर तिथल्या नर्सांची दया येते. तुम्ही पाटीवर लिहायचात, चाची शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायच्या आणि मग गोधडी ओढून कण्हत बसायच्या, ओ फ्रेद्दो, ओ फ्रेद्दो. मी चहा विचारला तर नको. खिडकी लावली तर उकडतं. शेवटी मी वैतागून आपोआप विचारलं, मग तुम्हाला हवं तरी काय, आणि ते इटालियनमध्ये विचारलं होतं. तुम्ही खुशीत येऊन पाटीवर 'बरोबर'चा मोठा गोल काढलात, तो मी जपून ठेवणार आहे. मनात, कारण पाटी तुमच्याकडेच आहे.

आता जे लिहिते त्यावर तुम्ही चिडाल. चिडा.

चहा करताना चाची डबा शोधत होत्या तेव्हा कपाटात ते यंत्र दिसलं. गळ्याला लावून बोलायचं, जे पनवेलला तुम्हाला दिलं होतं. अजून प्लास्टिकमध्ये आहे. मी तुम्हाला ते लावायला शिकवलं होतं, तुम्ही माझ्यासमोर 'ललिता' म्हणाला होतात. मला वाटत होतं तुम्ही घरी बोलत असाल.

चाची म्हणाल्या, सव्वा वर्ष झालं, हा माणूस घराबाहेर पडून कुणाशी बोललेला नाही. ओवेसची बेकरी दोनशे पावलांवर आहे, तिथेसुद्धा जात नाही. मशिनीसारखा आवाज येतो म्हणून शरम वाटते. पाव मी आणते.

म्हणजे कोंप्रो इल पाने हे वाक्य तुमच्या तोंडी खोटं आहे, चाचा. पाव चाची घेतात. कोंप्रा.

मी क्लासमधलं हसू सोसलं, नापास झाले, तरी पुन्हा त्या बाईसमोर तोंड उघडणार आहे. चुकेन, तरी उघडणार. आणि माझा गुरुजी कपाटात आवाज ठेवून बसला आहे. हे मला पटत नाही.

ललिता

•

लोधिवली
२ मे २०२५

ललिता,

सोबत वीस प्रश्न लिहिले आहेत. आश्रमातली माणसं हेच विचारतील. घर कुठे, आई कोण, रात्री झोप का येत नाही, मुलगा कधी येणार. प्रत्येकाला उत्तर आणि प्रत्येक उत्तरानंतर तुझा प्रश्न.

इटालियनबद्दल काय ते विचार. माझ्या कपाटाबद्दल नको.

बद्रुद्दीन

•

कर्जत
१६ मे २०२५

चाचा,

वीस प्रश्नांची उत्तरं सोबत. चुका लाल पेनाने दाखवा. परीक्षा सात जूनला आहे.

कपाटाबद्दल काही विचारत नाही. पण विसरलेही नाही.

ललिता

•

कर्जत
९ जून २०२५

चाचा,

निकाल आज दुपारी आला. पास. यादीत माझं नाव नववं आहे. आईला सांगायला वाडीवर गेले होते, तिथून आल्या आल्या हे लिहायला बसले. ती आधी रडली, मग म्हणाली, "तितं भाकरी मिळंल ना गं?" मी म्हटलं, पाव मिळेल. विकत घेईन.

आता परीक्षा कशी झाली ते सांगते. हे तुम्हाला वाचावंच लागेल.

तीच बाई होती. तिने मला ओळखलं. मी म्हटलं, आज मी परत म्हणणार नाही. ती हसली. यावेळी तिने थंडीबिंडी काही काढली नाही. ती म्हातारी झाली, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, नोन वोल्यो पार्लारे. मला बोलायचं नाही.

तुमच्या वीस प्रश्नांत हे नव्हतं. सगळं शिकलेलं बोलायचं आहे, आणि समोरचीला बोलायचंच नाही. मी विचारलं, का? उत्तर नाही. पाणी हवं? उत्तर नाही.  मग मला तुम्ही आठवलात, भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि मला जे येत होतं त्यातच मी बोलले. कोनोस्को उन उओमो. एका माणसाला मी ओळखते. नोन पार्ला. तो बोलत नाही. नोन कोंप्रा इल पाने. तो पाव घेत नाही. इओ आस्पेत्तो. मी वाट बघते.

एवढंच. पुढचं शेपूटही सुचेना. बाई भिंतीकडून वळली. खेळ सोडून तिने खरंच विचारलं, किती दिवस झाले वाट बघतेस? मी म्हटलं, एप्रिलपासून. तिने विचारलं, तो बोलेल का? मी म्हटलं, सी. हो.

चाचा, मी परीक्षेत खोटं बोलले की खरं, हे आता तुमच्या हातात आहे. सप्टेंबरमध्ये माझं विमान आहे. त्याच्या आत ठरवा.

तुम्ही शिकवलंत म्हणून मी चालले आहे. हे तुमच्यासमोर बसून सांगितलं असतं तर मी रडले असते, म्हणून लिहिलं.

तुमची,
ललिता

•

लोधिवली
१५ जून २०२५

ललिता पोरी,

मुबारक. बिलकिसने मोहल्ल्यात असं सांगितलं आहे की परीक्षा तीच पास झाली.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी तुझ्यावर चिडून होतो. कुठल्या देशातल्या कुठल्या बाईला तू माझी गाऱ्हाणी सांगतेस. चौथ्या दिवशी चिडायचा कंटाळा आला. प्लास्टिक फोडलं. बॅटरी मेली होती. ती चार्ज होईपर्यंत समोर बसून राहिलो. बिलकिस आत कांदा चिरत होती. कांदे दोनच होते, पण बराच वेळ चिरत होती.

काल सकाळी आठ वाजता मी ओवेसच्या बेकरीत गेलो. दोनशे नाही, दोनशे चाळीस पावलं आहेत. आत तीन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत बिस्किटांच्या बरण्या बघत उभा राहिलो. मग चौथं आलं. तेव्हा कळलं की बेकरी काही रिकामी व्हायची नाही. यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणालो, चार पाव दे.

आवाज कसा येतो ते तुला ठाऊक आहे. डब्यात भुंगा अडकलेला. सगळे वळले. एका बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. ओवेसला वाटलं मागचं मिक्सर बिघडलं, तो तिकडे बघायला लागला. माझे पाय परत फिरायच्या बेतात होते. मग तुझा तो मार्चचा शेरा आठवला, आणि तरी तू जूनला पुन्हा बसलीस ते आठवलं. मी पुन्हा म्हणालो, चार पाव.

आता त्याने माझ्याकडे बघितलं. हातातला चिमटा तसाच राहिला. त्याने पाव मोजले, कागदात बांधले, माझ्या हातात दिले. डोळे पुसले नाहीत, मालाला हात लागतो म्हणून. आणि त्याने विचारलं, चाचा, अजून काय हवं?

अठ्ठावीस वर्षं तिकडे आणि दीड वर्ष इथे, मला हे कुणी विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि मी थांबलो नसेन. मला नानखटाई नको होती, तरी पाव किलो घेतली. नुसतं उत्तर द्यायला मिळालं म्हणून.

तर ते वाक्य आता माझ्या तोंडी खरं आहे. कोंप्रो इल पाने. तुझ्या परीक्षेतलं 'नोन कोंप्रा इल पाने' मात्र खोटं झालं, त्याला माझा इलाज नाही.

हे पत्र मी स्वतः जाऊन ओवेसच्या हातात देणार आहे. आता कागद पुरे. सप्टेंबरपर्यंत शिकायला बरंच राहिलं आहे आणि तुझे चुकलेले उच्चार मला ऐकायचे आहेत. घरी आल्यावर संध्याकाळी फोन कर. बिलकिस उचलणार नाही. मी उचलेन.

बद्रुद्दीन